समन्स मिळून ११० दिवस झाले, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिलेली नाही, कोर्ट आता मुदत देईल का?

देऊ शकतं, आणि बऱ्याचदा देतंही. पण तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिलंय ना की वकील म्हणतात टेन्शन घेऊ नका, मुदत मिळतच असते, ते वाचून मला आमचे दाजी आठवले आणि लिहायला बसलो.

आमची शेती परभणीकडं, विहीर सामाईक. चुलतभावानं मनाईचा दावा टाकला की आम्ही आमच्या पाळीच्या बाहेर मोटार चालवतो. पोळ्याच्या आठवड्यात बेलीफ शेतावरच आला, आबांनी सही करून समन्स घेतलं, घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत टाकलं आणि मला सांगितलं आठ दिवसांनी, ते बी बोलता बोलता. दाजी म्हणले माझ्या ओळखीचे वकील आहेत, दिवाणी आहे, घाई कामून करता. वकीलपत्र गेलं, निशाणी ५ ला म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला से (त्या अर्जापुरतं आमचं लेखी म्हणणं) गेला, आणि मग सगळे निवांत. तेवढ्यात सोयाबीनची काढणी आली, वरून पाऊस, कोणाला कोर्ट आठवतंय. मुदतीचे दोन अर्ज झाले, दोन्ही वेळा दाजींचा फोन, 'दिली बघ मुदत, म्हणलं नव्हतं का'. तिसऱ्या वेळी फोन आला नाही. मी रात्री ईकोर्ट्सच्या ॲपवर बघितलं तर विदाऊट डब्ल्यूएसचा, म्हणजे कैफियतीशिवायच दावा पुढं चालवायचा, आदेश होऊन गेलेला. वकिलाला विचारलं तर म्हणले होतं असं, रद्द करून घेऊ.

मी वकील बदलला. नवीन वकिलांनी फाईल उघडली आणि पहिलं हेच विचारलं की से तर दिलाय, मग 'हाच से कैफियत म्हणून वाचावा' अशी पुरसिस (कोर्टाला लेखी कळवणं) का नाही दिली? एका ओळीची पुरसिस हो. तुमच्याकडं निशाणी ५ चा से झाला असेल तर आधी हे विचारा, कारण से म्हणजे कैफियत नाही, हे अर्ध्या पक्षकारांना माहीतच नसतं.

मग विदाऊट डब्ल्यूएसचा आदेश रद्द करा म्हणून अर्ज, सोबत शपथपत्र, आणि तयार कैफियत जोडूनच. नुसता मुदत द्या म्हणून अर्ज टाकला तर कोर्ट म्हणतं कैफियत कुठंय. इथं घरात भांडण झालं. दाजी म्हणले आबा आजारी होते लिहा, सर्टिफिकेट मी आणतो. मी म्हणलं आबा त्या महिन्यात सोयाबीन घेऊन मोंढ्यात जात होते, आडत्याच्या पट्ट्या आहेत तारखेनिशी, आणि समोरचा पक्षकार काय मुंबईत राहतो का, बांधाच्या पलीकडं राहतो, आबा किती वाजता शेतात येतात ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जे झालं तेच लिहिलं, काढणी, पाऊस, आधीच्या वकिलांची चूक. दाजी आठ दिवस बोलले नाहीत.

जजसाहेबांनी आबांकडं बघून विचारलं, इतके दिवस काय करत होता? आबा म्हणले, सोयाबीन. बास. अर्ज मंजूर झाला, दोन हजार कॉस्ट लावून, ती समोरच्याला द्यायची. कोर्टाबाहेरच्या बाकावर चुलतभावानं पाचशेच्या चार नोटा अंगठा ओला करून दोनदा मोजल्या. चार नोटा दोनदा! आबा तेवढा वेळ वर पंख्याकडं बघत बसले.

आता कायदा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८ नियम १, समन्स बजावल्यापासून ३० दिवस, पुढं कारण लेखी नोंदवून कोर्ट ९० पर्यंत वाढवू शकतं. ही मुदत २००२ पासूनची. २००५ ला कैलाश विरुद्ध नन्हकू मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ९० ची मर्यादा साध्या दाव्यात दगडावरची रेघ नाही, पुढंही मुदत देता येते. म्हणजे दाजी बरोबर होते, आणि ते हे दर लग्नात ऐकवतात. पण त्याच निकालात पुढं आहे की हे अपवाद म्हणून, सबळ कारण असेल तरच, आणि कॉस्ट लावता येते. २०२० च्या देशराज विरुद्ध बालकिशनमध्ये पण तेच, मागितली की दिली असं चालणार नाही. दाजी निकाल अर्धा वाचतात आणि उरलेला अर्धा आबांना भोगावा लागतो.

नाही मिळाली तरी सगळं संपत नाही. वादीच्या साक्षीदाराचा उलटतपास घेता येतो, कायद्यावर युक्तिवाद करता येतो, आदेशाविरुद्ध हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात संविधानाच्या कलम २२७ खाली रिट टाकता येते. पण ते खर्चाचं काम. आणि उलटतपासावर भागतं म्हणणाऱ्यांनी सांगावं, आमच्याकडं १९८९ चं वाटणीपत्र होतं, विहिरीत निम्मा हिस्सा लिहिलेलं, बचावच रेकॉर्डवर नसता तर ते कशाच्या आधारावर पुढं केलं असतं?

मी वकील नाही, एका दाव्यात भाजलेला माणूस आहे. आणि हे आधीच लिहायला पाहिजे होतं, तुमचा दावा व्यापारी असेल म्हणजे २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याखाली चालू असेल (२०१८ पासून तीन लाखांपासूनचे व्यापारी वाद त्यात येतात) तर वरचं सगळं विसरा, तिथं १२० दिवसांनंतर कोर्टाला कैफियत घेताच येत नाही. तसं असेल तर तुमच्याकडं दहाच दिवस आहेत, उद्याच पळा. साधा दावा असेल तर समन्ससोबत दाव्याची नक्कल मिळाली होती का ते बघा, नसेल मिळाली तर ती कधी मिळाली ते अर्जात तारखेसकट लिहा, दिवस मोजताना तो मुद्दा कामाला येतो. तारीख कमेंटमध्ये टाका, आमच्या वकिलांना विचारून सांगतो. दाजींना नाही विचारणार.