काही होत नाही, म्हणूनच तपासून घे

प्रिय मुली,

"मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?" असं तू विचारलंस. क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग; तो झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. जंतू गर्भाशयाच्या मुखाशी राहतात, तिथून वर चढले तर गर्भनलिकांना सूज येते आणि व्रण राहतात. मग दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नलिकेतच रुजतो. हे टाळता येतं, म्हणून मी इतकी मागे लागते आहे.

शरीरसंबंध सुरू झाले असतील तर पंचविशीपर्यंत दरवर्षी क्लॅमिडिया आणि गनोरिया (तसाच पसरणारा दुसरा जंतुसंसर्ग) तपासून घे. जोडीदार बदलला तर वर्ष भरायची वाट पाहू नकोस. एचआयव्ही आणि सिफिलिस हेही संबंधातून पसरतात, पण त्यांच्यासाठी रक्त वेगळं द्यावं लागतं. तपासण्या नावं घेऊन माग. पॅप स्मिअर झाली म्हणजे सगळं तपासलं, असं पुष्कळ जणी धरून चालतात. तिच्यात कर्करोगाच्या शक्यतेसाठी गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी बघतात, क्लॅमिडिया नाही.

नमुना शक्यतो योनीतल्या स्वॅबचा (बोळा लावलेल्या काडीने घेतलेला) दे, लघवीपेक्षा तो भरवशाचा. स्वतःही घेता येतो: हात धुऊन, टोक कुठे न टेकवता साधारण ५ सेंटिमीटर आत घालायचं, १० ते ३० सेकंद गोल फिरवायचं आणि थेट किटमधल्या नळीत ठेवायचं. नळीतलं द्रव सांडलं तर नवं किट माग. लघवीच द्यायची असेल तर आधी किमान तासभर जायचं नाही, आणि सुरुवातीचीच २० ते ३० मिलिलिटर धरायची. सवयीने मधली धार घेतली किंवा डबी काठोकाठ भरली की जंतू विरळ होतात आणि लागण असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

घाईही नको. संबंधानंतर क्लॅमिडिया-गनोरियासाठी साधारण दोन आठवडे जाऊ दे; सिफिलिसची खात्री तीन महिन्यांनी होते. जबरदस्ती झाली असेल किंवा एचआयव्हीची शंका असेल तर मात्र थांबूच नकोस: एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात.

क्लॅमिडिया निघाला तर सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. पेलाभर पाण्यासोबत घे आणि लगेच आडवी होऊ नकोस, गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दिवस गेल्याची शक्यता असेल तर आधी सांग, औषध बदलतात. जोडीदाराचेही उपचार व्हायलाच हवेत, आणि दोघांचे पूर्ण होईपर्यंत संबंध नकोत. बऱ्याचदा इथेच घोळ होऊन लागण पुन्हा होते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. त्याआधी, चार आठवड्यांच्या आत केलीस तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही पॉझिटिव्ह दाखवतात.

ओटीपोटात दुखून ताप आला तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुझी,
ताई