टाळं कुणी लावलं, कोरोनानं की लाइट बिलानं?

वाचक विचारतात

मागच्या अंकात कोरोनाकाळातल्या सरकारी काटकसरीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पर्यटनाबद्दलचेच प्रश्न इतके आले की यावेळी दुसरा विषय घेतलाच नाहीये.

प्रश्न : अजिंठ्याला जाताना फर्दापूरजवळ ते भलंमोठं पर्यटक केंद्र आहे, तसंच वेरूळलाही आहे. कोरोनात सरकारनं पैसे कापले म्हणून दोन्ही बंद पडली असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरं आहे का? (एक वाचक ताई, जळगाव)

ताई, अर्धंच खरं आहे, आणि जे अर्धं सोयीचं तेवढंच सांगितलं जातं. ही दोन्ही केंद्रं जपानच्या कर्जातून झाली. अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पाचं पहिलं कर्ज 1992 चं, दुसरं 2003 चं, आणि केंद्रं लोकांसाठी उघडली 2013 मध्ये. अजिंठ्याच्या केंद्रात 1, 2, 16 आणि 17 नंबरच्या लेण्यांच्या प्रतिकृती, वेरूळच्या केंद्रात कैलास लेणं. कल्पना चांगलीच होती हो. खऱ्या 1 नंबरच्या लेण्यात मिणमिणता उजेड, फ्लॅशला बंदी (ती हवीच), पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर जरा नजर स्थिर होतेय तोवर मागून 'चला चला पुढे' सुरू होतं, शिवाय माणसांच्या श्वासातल्या दमटपणानं रंगांचं नुकसान होतं ते वेगळंच. म्हणजे आधी प्रतिकृतीसमोर निवांत बसून समजून घ्या आणि मग खरं बघायला जा, असा तो बेत होता.

पण बंद पडण्याची गोष्ट कोरोनाच्या आधीची आहे. पाण्याचं आणि विजेचं बिल थकलं, थकत गेलं, कनेक्शन गेलं आणि केंद्रांना टाळं लागलं. कोरोना आला तेव्हा तिथे कापण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. कोरोनानं एकच केलं, आधीच्या टाळ्याला एक सभ्य कारण मिळवून दिलं. आता कुणालाही विचारा, 'काय करणार, कोरोना होता ना' म्हणून मोकळे.

प्रश्न : 67 टक्के कपात म्हणजे नेमकं काय झालं होतं? सगळ्याच खात्यांचे पैसे गेले का? (सातारा)

4 मे 2020 चा वित्त विभागाचा जीआर. त्या वर्षी बजेटमध्ये जी तरतूद होती त्यातले 33 टक्केच मिळणार, बाकीचं विसरा. नवी योजना नाही, नवीन काम नाही, नवं टेंडर नाही, खरेदी नाही, भरती नाही. सूट कुणाला, तर आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मदत-पुनर्वसन आणि अन्न-नागरी पुरवठा. पर्यटन त्या यादीत नव्हतं आणि असणारही नव्हतं.

आता हे टेबलवर कसं उतरतं बघा. खात्याला 100 रुपयांऐवजी 33 मिळाले. त्यातून आधी कुणाचं भागवायचं? ज्या ठेकेदाराचं काम अर्धं झालंय तो रोज दारात उभा असतो, त्याचं बिल अडवलं तर कोर्टाची भीती, म्हणून त्याला थोडं. आमदारसाहेबांनी ज्याचं भूमिपूजन केलंय त्याला थोडं. आणि गळकं छत, मोटर, सफाई, पहारेकरी, माहितीपत्रक छापणं, असल्या देखभालीच्या नस्तीवर (म्हणजे फाइलवर) शेरा येतो 'निधी उपलब्धतेनुसार सादर करावे'. हा शेरा ज्यानं कधी सरकारी ऑफिसात पाहिलाय त्याला माहितीये की ती नस्ती पुन्हा वर येत नाही. देखभालीला कोणी वाली नसतो, फीत कापायला मिळत नाही ना तिथे.

त्यात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची, म्हणजे एमटीडीसीची, वेगळीच अडचण. एमटीडीसी बऱ्यापैकी स्वतःच्या कमाईवर चालतं, म्हणजे महाबळेश्वर, माथेरान, गणपतीपुळे, तारकर्ली अशा निवासांच्या भाड्यावर. लॉकडाऊनमध्ये खोल्या रिकाम्या म्हटल्यावर ती कमाईही गेली. सरकारचा हात आखडलेला आणि स्वतःचा गल्लाही रिकामा, दोन्ही एकदम.

प्रश्न : लोक ऑक्सिजनसाठी वणवण करत होते आणि तुम्ही पर्यटक केंद्रांचं रडगाणं गाताय. थोडी तरी लाज बाळगा. (पुणे)

काका, रागावू नका, कपात चुकली असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पैसा नव्हताच. एप्रिल 2020 मध्ये देशभरातून जीएसटी जमा झाला 32,172 कोटी, आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो 1 लाख 13 हजार कोटींच्या वर होता. अशा वेळी व्हेंटिलेटर की प्रोजेक्टर हा प्रश्नच उद्भवत नाही, मीसुद्धा तीच सही केली असती.

माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की बंद इमारत फुकट राहत नाही. वापर शून्य युनिट असला तरी वीजबिलावर स्थिर आकार येतोच, बिल भरलं नाही की त्यावर व्याज, कनेक्शन तोडलं की पंप बंद, पंप बंद की सफाई बंद, दोन पावसाळे गेले की पीओपी खाली येतं, आणि मग ते सुरू करायला जो खर्च येतो तो चालू ठेवण्यापेक्षा कितीतरी जास्त. जपानचं कर्ज तर फेडायचंच आहे, दार उघडं असो नाहीतर बंद. किमान पहारेकरी आणि किमान वीज एवढं तरी कपातीच्या बाहेर ठेवायला हवं होतं, तो काही आरोग्य खात्याच्या तोंडचा घास नव्हता.

प्रश्न : मी स्कॉटलंडमध्ये राहते, इकडे तर सरकारी संस्थेनं माहिती केंद्रं कायमचीच बंद करायला घेतली. मोबाईल असताना अशी केंद्रं हवीत कशाला? (एडिनबरा)

हो, व्हिजिटस्कॉटलंड या तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेनं मार्च 2024 मध्ये जाहीर केलं की उरलेली 25 च्या 25 केंद्रं दोन वर्षांत बंद करणार, कारण लोक निघायच्या आधीच ऑनलाइन ठरवून येतात. कोरोनाचं नाव न घेता उघड सांगितलं, तारीख दिली, ते मला जास्त बरं वाटतं, पटो न पटो. तिकडे अमेरिकेतल्या हवाई राज्यात 2021 मध्ये विधिमंडळानं पर्यटन प्राधिकरणाचा हॉटेल-करातला ठरलेला 7.9 कोटी डॉलरचा वाटाच काढून घेतला, गव्हर्नरनं नकाराधिकार वापरला तर तोही फिरवला, आणि त्या वर्षापुरते केंद्र सरकारच्या मदतीतून 6 कोटी डॉलर दिले. भांडण झालं पण सगळ्यांसमोर झालं. आपल्याकडे केंद्र 'बंद केलं' असं कधी कुणी म्हणतच नाही, ते आपोआप 'बंद असतं'.

मोबाईलचं म्हणाल तर रस्ता, वेळ, तिकीट यासाठी माणूस बसवायची गरज नाही हे मान्य. पण लेण्याची प्रतिकृती फोनमध्ये बघण्यात मजा नाही, आणि गावाकडून एसटी करून आलेल्या आजीला बसायला सावली, प्यायला पाणी आणि स्वच्छ संडास कुठलं ॲप देणार?

प्रश्न : मी गाईडचं काम करतो. कोरोनात आम्हाला काय मिळालं हे कुणी विचारलंच नाही. (छत्रपती संभाजीनगर)

दादा, मिळालं ते कर्ज. 28 जून 2021 ला केंद्र सरकारनं जाहीर केलं की मान्यताप्राप्त गाईडला सरकारी हमीवर 1 लाखापर्यंत आणि प्रवासी कंपन्यांना 10 लाखांपर्यंत कर्ज. म्हणजे धंदा बंद असताना हप्ता चालू! आणि तारखा बघा, देशातली स्मारकं 17 मार्च 2020 ला बंद झाली, बाकी ठिकाणी जुलैत उघडायला लागली पण अजिंठा-वेरूळ 10 डिसेंबरला, मग 16 एप्रिल 2021 ला पुन्हा टाळं ते जूनच्या मध्यापर्यंत. त्यात ज्यांच्याकडे परवान्याचं कार्ड नाही, म्हणजे फर्दापूरला स्फटिक विकणारे, बसस्टॉपवर टोप्या विकणारे, त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. कपातीचा खरा फटका तिथे बसला. केंद्र चालू राहिलं असतं तर गाडी तिथे आणखी तासभर थांबली असती, त्या तासात काय काय विकलं जातं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

प्रश्न : आमच्या भागातलं असंच एक सरकारी केंद्र बंद आहे. काय करावं? (नगर)

'निधी किती मंजूर झाला' हे विचारूच नका, मोठा आकडा तोंडावर फेकतील. माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी मागा: वीजबिल कुणाच्या नावावर येतं, शेवटचं कधी भरलं, आणि थकबाकी किती. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तर आलं की इकडे पाठवा, छापू.

प्रश्न : दिवाळीत मुलांना घेऊन अजिंठा-वेरूळ करायचंय, दोन दिवस पुरतील का? (नाशिक)

पुरतील. फक्त सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ, तेवढं बघून निघा. अजिंठ्याला स्वतःची गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून पुढचे चारेक किलोमीटर एसटीनंच जावं लागतं, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या गाडीत विसरू नका.