क्लास बंद करू का?

"मॅडम, हिचा कथकचा क्लास बंद करू का?" आईने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. युथ फेस्टिवलच्या तालमी सुरू झाल्या, की ठाण्यात समुपदेशन करणाऱ्या माझ्याकडे हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. मुलगी एस.वाय.ची. तिला विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी, रात्री "मैत्रिणीकडे खाऊन आले". आणि रोज दोन तास रियाज.

आईला बाहेर बसवल्यावर ती बोलली. ग्रुपच्या कपड्यांची मापं घेताना टेप लावणारी प्रत्येकीचा आकडा मोठ्याने सांगत होती, दुसरी वहीत लिहून घेत होती. "माझा आकडा ऐकून कुणी हसलं नाही. सगळ्या एकदम गप्प झाल्या." तेव्हापासून आरशासमोर उभं राहिलं, की तिला फक्त स्वतःची कंबर दिसायची.

मी पटकन म्हणाले, "अगं, छान दिसतेस की!" ही माझी चूक झाली. ती पुढची दहा मिनिटं गप्प बसली. दिसण्यावरूनच दुखावलेल्या मुलीला मीही दिसण्याचाच शेरा दिला होता.

मग नाचाबद्दल विचारलं. चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत नाचताना, काय होतं? "दम लागतो, पाय उचलत नाहीत. वजनामुळेच ना?" पाळी? तीन महिने आली नव्हती.

हे ऐकल्यावर मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. खर्च होते तेवढी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही, तर शरीर काटकसर करतं. पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं. नाचणाऱ्या मुलींनाही ती गाठते, आणि त्यासाठी मुलगी हाडकुळीच दिसायला हवी असं नाही. हिचं हिमोग्लोबिनही कमी निघालं. पाय जड होते ते उपाशीपोटामुळे, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर तिला पटलं.

क्लास बंद केला नाही. डॉक्टरांनी काही आठवडे रियाज निम्मा करायला सांगितला. घरच्या आरशावर तिने चादर टाकली आणि तीनतालाच्या सोळा मात्रा फक्त कानाने धरायच्या असं ठरवलं. पायाचा आघात नीट पडला की नाही, हे घुंगरूच सांगतात. रियाजाआधी दाण्याचा लाडू खायचा होता. पहिला लाडू चार दिवस पर्समध्येच फिरला.

आईशी बोलणं जास्त अवघड गेलं. सुरुवातीला "बारीक झालीस, छान दिसतेस" असं कौतुक तिनेच केलं होतं. ते आठवून ती रडली. मी एवढंच सांगितलं, की जेवताना ताटाबद्दल आणि अंगाबद्दल काहीच बोलू नका, सोबत बसून जेवा. आणि क्लासच्या ताईंना एकदा भेटून या.

पाळी यायला आणखी दोन महिने लागले. आरशावर ती अजूनही मधूनमधून चादर टाकते. मागच्या भेटीत जाता जाता म्हणाली, "आता मापं आतल्या खोलीत घेतात. एकेकीची. आकडा वहीतच राहतो."