शास्त्रज्ञ समुद्रात ऑक्टोपस कसे शोधतात? ऐरोलीजवळ ठाणे खाडीत दिसेल का?

खाडीत वेळ घालवू नका. पाण्याच्या खारटपणातला मोठा चढउतार ऑक्टोपसला सोसत नाही आणि पावसाळ्यात ठाणे खाडीत भरपूर गोडं पाणी उतरतं. त्यात तळ गाळाचा, लपायला कपार नाही. ऐरोलीची बोट फ्लेमिंगोंसाठी छान आहे; ऑक्टोपससाठी हाजी अलीसारखा खडकाळ किनारा गाठा.

हा प्राणी रंगही बदलतो आणि कातडीचा पोतही, म्हणून अभ्यासक आधी त्याचं उष्टं शोधतात. शिकार बिळात आणून खायची आणि खेकड्यांची कवचं, शिंपले दाराशी टाकायचे, ही बऱ्याच जातींची सवय. कपारीच्या तोंडाशी असा ढीग आणि ओढून आणल्यासारखे दगड दिसले की थांबा. शिंपल्याची आतली बाजू चकचकीत, शेवाळ न चढलेली असेल तर ढीग ताजा. शिंपल्याला भोक असेल तर भिंगाखाली पाहा. ऑक्टोपसचं भोक बारीक, बहुधा वेडंवाकडं. शिकारी गोगलगाईचं मोठं, गोल आणि उतरत्या कडेचं. नवखे इथेच फसतात. शिवाय लाटा कचरा वाहून नेतात आणि ऑक्टोपस अधूनमधून बिऱ्हाड बदलतो. त्यामुळे नुसता ढीग मोजणीत धरत नाहीत. टॉर्चच्या उजेडात डोळा किंवा चूषक (हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्या) दिसले तरच नोंद. मोजणीला, समजा, 50 मीटर टेप अंथरायची, दोन्ही बाजूंना एकेक मीटर प्रत्येक कपार तपासायची आणि रात्री तीच वाट पुन्हा धरायची, कारण बऱ्याच जाती निशाचर असतात.

वेळ अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशेब: 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाच-सहाच्या सुमारास. हा ढोबळ अंदाज आहे, भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघा. तासभर आधी पोहोचा, पाणी वळलं की लगेच परता.

बुडालेल्या भागात दोरीला मडकी किंवा पाइप बांधून, आमिष न लावता सोडतात. ऑक्टोपस घर समजून शिरतो. कपारींची रेलचेल असेल तिथे मात्र ती रिकामीच राहू शकतात. पाणी गाळून त्यातला डीएनए तपासण्याची पद्धतही आहे. तिच्यातून जात कळते, बीळ कळत नाही. खोल समुद्रात दूरनियंत्रित यानाचा कॅमेराच लागतो. 2018 मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या डेव्हिडसन सागरी पर्वताशी सुमारे 3,200 मीटर खोलीवर अंडी सांभाळणाऱ्या माद्यांची मोठी वसाहत तशीच सापडली.

बिळात हात घालू नका, चोच चावते आणि लाळ विषारी असते. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. खाली अंडी असू शकतात.