वाचक विचारतात : दमट उन्हाळा आणि चिनी पथ्य

प्रश्न : चिनी लोक उन्हाळ्यातही कोमट पाणीच पितात म्हणे. आम्ही लोकलमधून घामाघूम होऊन आलो की फ्रीजची बाटली तोंडाला लावतो. त्यात काय बिघडतं? शिवाय त्यांच्यासारखं हिरव्या मुगाचं पाणी करते, तर ते दर वेळी लालसर होतं.
– वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : चिनी वैद्यकात उष्मा आणि ओलावा हे दोन वेगळे त्रास मानतात. खाडीकाठच्या आपल्या हवेत ते जोडीने येतात. घाम येतो, पण वाळत नाही. त्या शास्त्रात अन्नाचा रस करण्याचं काम प्लीहेचं. तिला ओलावा सोसत नाही आणि बर्फगार पाण्याने ती मंदावते. मग भूक मरते, पोट जड राहतं. म्हणून आधी घाम पुसा, बसा आणि माठातलं पाणी घोट घोट प्या. कोमटच हवं असा आमचा आग्रह नाही.

आता मूग. सालीसकट 100 ग्रॅम मूग धुऊन अर्धा तास भिजवा. दीड लिटर पाण्याला खळखळून उकळी आली की त्यात मूग घाला आणि झाकण ठेवा. पुन्हा उकळी आल्यावर 8 ते 10 मिनिटांत साली तडकू लागतात. तेव्हाच गॅस बंद करून पाणी गाळून घ्या. लाल होण्याचं कारण सालीतच आहे. तिच्यातल्या द्रव्यांना हवा लागली की रंग बदलतो, आणि पाणी क्षारयुक्त असेल तर आणखी लवकर. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर फिल्टरचं घेऊन बघा, त्यात अर्धा चमचा लिंबाचा रस पिळा. लोखंडी भांडं नको. लाल झालेलं पाणी टाकून देऊ नका, ते बिघडलेलं नसतं. मूग फुटेपर्यंत शिजवले तर पोट भरतं, पण उष्मा उतरवायला चिनी घरांत आधीचं पातळ पाणीच देतात. उरलेल्या मुगाची उसळ करा.

दुपारी एक पेला पुरे. जुलाब होत असतील किंवा सारखी थंडी वाजत असेल तर घेऊ नका. खूप घाम गेल्यावर मीठही भरून काढावं लागतं, ते यात नाही. तिथे ओआरएसच हवं.

प्रश्न : दिवसभर एसीत काम. संध्याकाळी डोकं जड, जेवण नको, जिभेवर पांढरा थर. उन्हात तर जातच नाही, मग हे काय?
– वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : चिनी वैद्य याला उन्हाळ्यातलाच आजार म्हणतात. घामाने रंध्रं उघडी असताना गार झोत अंगावर आला की ओलावा आत कोंडतो, असा त्यांचा हिशेब. ओल्या शर्टाने थेट झोताखाली बसू नका, मानेवर रुमाल ठेवा, एसी 26 अंशांवर. सकाळी आल्याच्या तीन-चार पातळ चकत्या कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून प्या. ‘हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं’ ही चिनी म्हण याच अनुभवातून आली आहे. तोंड आलं असेल किंवा आम्लपित्त असेल तर मात्र आलं टाळा.

रात्री कोहळ्याचं सूप घ्या. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या बाजारात कोहळा मिळतो. पाव किलो फोडी स्वच्छ धुऊन सालीसकट घ्या, कारण ओलावा लघवीवाटे काढण्याचा गुण सालीत मानतात. लिटरभर पाण्यात अर्धा तास मंद आचेवर शिजवा, मीठ शेवटी. साल खायची नाही.

शेवंतीचा चहा करायचा तर फुलबाजारातली शेवंती नको, तिच्यावर कीटकनाशक मारलेलं असतं. खाण्यासाठी म्हणून वाळवलेलीच फुलं घ्या. आणखी एक इशारा : या तक्रारीवरचं ‘हुओ शियांग झंग ची’ हे द्रवरूप चिनी औषध कुणी बाहेरून आणून दिलं तर वेष्टन वाचा. त्याच्या एका प्रकारात भरपूर अल्कोहोल असतं. मेट्रोनिडाझोल किंवा काही सेफॅलोस्पोरिन गटातल्या गोळ्या चालू असताना ते घेतलं तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणं असा गंभीर त्रास होऊ शकतो.

प्रश्न : वडील सत्तरीचे, रक्तदाबाची गोळी घेतात. दुपारी झोपावं का?
– वाचक, नेरूळ

उत्तर : जरूर. सकाळी 11 ते दुपारी 1 ही चिनी गणनेत हृदयाची वेळ, म्हणजे त्याला विसावा द्यायची, आणि उन्हाळा हा हृदयाचाच ऋतू. हलकं जेवून 20-30 मिनिटं पडावं. त्याहून लांबलं तर रात्रीची झोप जाते. फेरफटका सकाळी सातच्या आत. गोळी लघवी वाढवणारी असेल तर कोहळा, मूग रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाणी किती प्यायचं तेही तेच ठरवतील.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात उष्माघाताने माणसं गेली, म्हणून हे स्पष्ट सांगतो. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर कोणतंही घरगुती पेय देत बसू नका. 108 ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करा, गार पाणी अंगभर ओतत पंख्याचा वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.