बॉक्स्टी नंतर, आधी चँप

आयरिश स्वयंपाक शिकताना पहिल्याच दिवशी बॉक्स्टीच्या, म्हणजे बटाट्याच्या धिरड्याच्या, मागे लागू नका. किसलेला कच्चा बटाटा घट्ट पिळला नाही तर ती उलटतानाच तुटते. चँपने, म्हणजे दूध, लोणी आणि पातीचा कांदा घालून कुस्करलेल्या बटाट्याने, सुरुवात करा, आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टरकडचा हा घरोघरचा पदार्थ.

- बटाटा पिठूळ हवा: रूस्टर किंवा कर्स पिंक. चिकट जातीचा नको.
- उकडून पाणी काढलं की पातेलं मिनिटभर मंद आचेवर ठेवा, वाफ जाऊ द्या. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि मग चँप पाणचट झाला म्हणतात.
- पातीचा कांदा दुधात उकळा, दूध गरमच ओता.
- हातानेच कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवलंत तर खळ होईल!

मध्ये खळगा करून लोणी घाला, हात आखडू नका. हे जमलं की त्यातच शिजवलेला केल (कोबीच्याच कुळातली पालेभाजी) किंवा कोबी मिसळा: कोलकॅनन तयार.