खुळखुळ्याचं नवं झुडूप जाहीर करण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो आणि टिपणं नीट पाहिली. घाटातल्या कड्यावरचं, कमरेएवढं, बुंध्याशी लाकूड धरलेलं, पिवळ्या फुलांचं झुडूप. शेंगा फुगीर आणि वाळल्यावर वाजणाऱ्या. प्रजाती (जीनस) क्रोटालारिया, म्हणजे खुळखुळ्याचीच, यात शंका नाही. जाती (स्पीशीज) नवी आहे का, हे मात्र अजून ठरलेलं नाही आणि ते ठरवायची घाई करू नकोस. पुढचे काही महिने उलट दिशेने काम कर. ही आधीच नाव मिळालेली कुठलीतरी जुनी जाती आहे, हे सिद्ध करायचा कसून प्रयत्न कर. तो फसला, तरच लेख लिहायला बस.

आशा धरायला जागा आहे. २०१८ साली करूळ घाटातून क्रोटालारिया सफ्रुटिकोजा आणि पन्हाळा भागातून क्रोटालारिया मल्टिब्रॅक्टिएटा अशा खुळखुळ्याच्या दोन नव्या जाती जाहीर झाल्या. लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटांवरची ही ठिकाणं. पण याच प्रजातीत फसगतही फार होते. जगभरात तिच्या सातशेच्या आसपास जाती आहेत आणि बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. हिरवळीच्या खतासाठी म्हणून कित्येक जाती एका खंडातून दुसऱ्या खंडात नेल्या गेल्या आणि शेताबाहेर पडून रस्त्याकडेला रुजल्या. त्यामुळे फक्त भारतातल्या जातींशी ताडून पाहणं पुरेसं नाही. आफ्रिका आणि अमेरिकेतल्या जातींची वर्णनंही काढ. पर्यायनामांच्या, म्हणजे एकाच जातीला मिळालेल्या जादा नावांच्या, यादीकडे खास लक्ष दे. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेलं आणि पुढे दुसऱ्या जातीत विलीन केलेलं नाव तुझ्याच झुडपाचं असू शकतं. तसं निघालं तर ते नाव पुन्हा उभं करायचं, नवं द्यायचं नाही. मूळ वर्णन आणि मूळ नमुन्याचा फोटो, दोन्ही डोळ्यांसमोर असल्याशिवाय कुठल्याही जातीला ‘वेगळी’ म्हणू नकोस.

पानांचा आकार आणि लव यांवर भिस्त ठेवू नकोस. गुरांनी शेंडा खाल्ला की बाजूने फुटवे येतात, झुडूप बुटकं होतं, पानं बारीक येतात. सावलीतलं झाड उंच आणि कमी लवेचं दिसतं. वणव्यानंतर बुंध्यातून आलेले कोंब तर वेगळीच जात वाटावी असे असतात. खरा फरक फुलात आणि शेंगेत शोध.

फूल उघडायची पद्धत ठरवून घे आणि प्रत्येक फुलाला तीच वापर. आधी निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचा हिरवा पेला, बाजूने चिरून सपाट पसर. पाच निदलं सारखी आहेत की वरची दोन आणि खालची तीन जुळून ओठ झालेत, ते बघ. मग ध्वज, म्हणजे वरची मोठी, पाकळी काढ आणि तिच्या तळाशी आतल्या अंगाला असलेल्या दोन गाठी भिंगाखाली पाहा. त्यांचा आकार, त्यांवर लव आहे की नाही, हे लिही. पंख, म्हणजे बाजूच्या दोन पाकळ्या, नौकेपेक्षा (खालच्या जुळलेल्या दोन पाकळ्यांपेक्षा) लांब की आखूड? नौकेची चोच सरळ की पिळवटलेली? दहाही पुंकेसर एकाच पन्हळीत जुळलेले असतात, त्यांत पाच परागकोश लांब आणि पाच आखूड, आळीपाळीने. हे पूर्ण प्रजातीतच असल्यामुळे निदानात, म्हणजे जातीचं वेगळेपण सांगणाऱ्या मजकुरात, लिहून काही साधत नाही, पण तपासायचं मात्र सोडू नकोस. किंजल (बीजकोशावरची दांडी) कुठे वाकतो आणि त्यावर लव एका ओळीत आहे की दोन, हे बघ. देठावरची सूक्ष्म सहपत्रं लवकर गळतात. ती कळीवर शोध, उमललेल्या फुलावर नाही. किमान दहा फुलं, तीही वेगवेगळ्या झाडांवरची. मोजमाप ताज्या फुलाचं की वाळवून भिजवलेल्याचं, हे प्रत्येक आकड्यापुढे लिही. वाळलेलं फूल आकसतं. तुझं झाड ताजं मोजलं आणि जवळची जात जुन्या शीटवरून (कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यावरून) मोजली, तर दोन मिलिमीटरचा ‘फरक’ फुकटचा तयार होतो.

आता नमुने. आधी झाडं मोज, कात्री नंतर काढ. वीस झाडांमागे एकापेक्षा जास्त झाडाला हात लावायचा नाही, हा संकेत पाळ. झुडूप असल्यामुळे मुळासकट उपटायची गरजच नाही. पंचवीस-तीस सेंटिमीटरची फुलांची फांदी शीटवर बसते; बुंध्याची जाडी, साल, उंची वहीत लिहायची आणि फोटोत घ्यायची. फुलाचा रंग, ध्वजावरच्या रेषा, वास हे वाळल्यावर उरत नाही, म्हणून तिथेच टिपून ठेव. शेंगवर्गातल्या झाडांची पानं सावकाश वाळली की सांध्याशी गळतात. फांदी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून मग दाबली तर गळ कमी होते. गळलेलं प्रत्येक पान पाकिटात घालून त्याच शीटला चिकटव. पावसाळी हवेत कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदल, नाहीतर बुरशी आधी फुलांना धरते. थोडी फुलं सत्तर टक्के अल्कोहोलात ठेव आणि कोवळी पानं डीएनएसाठी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये, पानांच्या दहापट वजनाच्या.

एक चूक छापील लेखांतही सापडते. ऑक्टोबरमध्ये फुलांचा नमुना घेतला, तो होलोटाइप, म्हणजे जातीचं नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो नमुना. जानेवारीत त्याच जागी जाऊन शेंगांचा घेतला आणि त्याला आयसोटाइप म्हटलं. ते चालत नाही. आयसोटाइप म्हणजे होलोटाइपच्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच संकलनात घेतलेली जादा शीट. शेंगांच्या संकलनाला वेगळा क्रमांक मिळेल आणि तो पॅराटाइप, म्हणजे लेखात नोंदवलेला इतर नमुना, ठरेल. म्हणून फुलं आणि पक्व शेंगा एकाच झाडावर असतील असा आठवडा साध. या प्रजातीत फुलोरा खालून वर उमलतो, त्यामुळे हंगामाच्या मधल्या काळात दोन्ही मिळतात.

नामकरणाचे नियम कोरडे वाटले तरी त्यातले काही चुकले की नाव वैध राहत नाही. निदान किंवा वर्णन लॅटिन वा इंग्रजीत हवं. २०१२ पासून इंग्रजी चालतं. होलोटाइप कोणता आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळक्या नमुन्यांच्या संग्रहात) आहे, हे लेखात स्पष्ट लिहिलेलं हवं. ऑनलाइन लेख पीडीएफ स्वरूपात आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन हा नोंदणी क्रमांक असलेल्या प्रकाशनातच हवा. क्रोटालारिया स्त्रीलिंगी, तेव्हा विशेषणाचा, म्हणजे नावातल्या दुसऱ्या शब्दाचा, शेवट त्याप्रमाणे कर. तेच विशेषण या प्रजातीत आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे आयपीएनआय या वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तपास. स्वतःचं नाव झाडाला द्यायचं नाही, हा संकेत आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही तशी संस्था आहे, तिचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम पुण्यातच आहे. वनखात्याची परवानगी नमुना घेण्याआधीची लागते.

जाती नष्ट होण्याच्या धोक्याच्या वर्गाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या जातींच्या लेखांत सगळ्यात सैल हाताने लिहिला जातो तो हाच भाग. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या पद्धतीत व्याप्त क्षेत्र दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटींनी मोजतात. म्हणजे एकाच जागी सापडलेल्या कुठल्याही झाडाचं क्षेत्र चार चौरस किलोमीटर येणार आणि ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’ची (सर्वाधिक धोक्याच्या वर्गाची) मर्यादा आहे दहाच्या आत. नुसत्या या आकड्यावर वर्ग ठरत नाही. एकच स्थान किंवा तीव्र तुटकपणा, सतत होणारी घट, टोकाचे चढउतार, या तिन्हींपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात आणि घट म्हटली की तिला आधार द्यावा लागतो. रस्त्याच्या रुंदीकरणात कड्याचा किती भाग तासला गेला? वणव्यानंतर किती झुडपं बुंध्यातून पुन्हा फुटली? दुसरा रस्ता संख्येचा: फुलणारी झाडं पन्नासपेक्षा कमी असतील तर ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’, अडीचशेपेक्षा कमी असतील तर ‘एन्डेंजर्ड’. यात रोपं धरायची नाहीत. शेजारचे, तशाच उंचीचे आणि तशाच खडकाचे दोन-तीन घाट पालथे घातल्याशिवाय यातलं काहीच लिहू नकोस. शोध अपुरा असेल तर सरळ ‘डेटा डेफिशियंट’ (माहिती अपुरी) लिही. त्यात कमीपणा नाही. फुगवलेला वर्ग पुढे कुणी खोडून काढला, तर झाडाची बाजूच लंगडी पडते.

लेखात तालुका आणि उंची दे, अचूक अक्षांश-रेखांश देऊ नकोस. ते वनखात्याला वेगळे कळव. लेख छापून येईपर्यंत नाव वर्तमानपत्राला सांगू नकोस.

शेंगा पिकायला लागल्या की दहा शेंगा झाडावरच उघडून बघ. खुळखुळ्याच्या शेंगेत युटेथेइसा पतंगाची अळी बिया फस्त करते आणि बाहेरून फक्त एक बारीक भोक दिसतं. शेंगेमागे बिया किती आणि शाबूत किती, हे दोन आकडे मला पाठव. खाली रोपं का दिसत नाहीत, हे तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर बहुधा तिथूनच सुरू होईल.